समान फोडींचा न्याय

संत्र्याच्या फोडी सारख्या वाटल्या की न्याय झाला, असा आपल्या घराघरांतला जुना समज आहे. बी.कॉम. होऊन वीस वर्षे बँकेत लोकांचे पैसे मोजणाऱ्या मला हा हिशेबच कच्चा वाटतो. वाटणाऱ्याने दिले किती, एवढेच आपण पाहतो. घेणाऱ्याच्या खात्यात जमा किती झाले, हे कोण बघतो?

माझे वजन ९० किलो, हिचे ५०. आम्ही एकेक नागपुरी संत्रे खाल्ले, तर 'क' जीवनसत्त्व पोटात सारखेच जाते. पण रक्तात पाहाल तर माझ्याकडे त्याचे प्रमाण कमी भरायचे. चमचाभर साखर पेल्यात घातली तर सरबत, बादलीत घातली तर नुसते पाणी! शिवाय जादा चरबीपायी अंगात जी बारीक धुसफूस चालते, तीही याच खात्यातून उचल करते. अलीकडे संशोधकांनी अंदाजही बांधला आहे : दर १० किलो जादा वजनामागे रोज सुमारे १० मिलिग्रॅम 'क' जास्त हवे. आमच्यात फरक ४० किलोंचा. १०० ग्रॅम संत्र्यात 'क' साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम. म्हणजे मला रोज एक संत्रे जादा लागू होते.

हा दावा मी एका रविवारी घरात दाखल केला. ही म्हणाली, ''अहो, संत्री वाढवण्यापेक्षा वजन उतरवा. फुकटात भागेल.''

ताळेबंद जुळवण्याची ही युक्ती आम्हांला कॉलेजात कुणी शिकवली नव्हती.

मी लगेच हेस्पेरिडिनकडे वळलो. १८२८ साली फ्रान्समध्ये संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागातून हे द्रव्य प्रथम वेगळे काढले. हे म्हणजे क्रॉस केलेला चेक! त्याला साखरेची अशी जोडगोळी चिकटलेली असते, की लहान आतड्याच्या काउंटरवर तो वटत नाही. तो मोठ्या आतड्यात क्लिअरिंगला जातो. तिथले जंतू साखर सोडवतात, मग माल रक्तात येतो, यकृत त्यावर आपला शिक्का मारते आणि लघवीवाटे खाते बंद होते. जंतू मात्र ज्याचे त्याचे वेगळे. कुणाच्या पोटातला स्टाफ तत्पर, कुणाचा कायम चहाला गेलेला. म्हणून एकच रस प्यालेल्या दोघांत एकाच्या अंगी बरेच लागते, दुसऱ्याच्या नावाला. इथे नुसत्या वजनकाट्यावर निकाल लागत नाही, त्यामुळे माझ्या वकिलीची पंचाईत झाली.

''आणि ते जास्त असतं कशात?'' हिने विचारले.

''सालीच्या पांढऱ्या भागात, फोडीवरच्या दोऱ्यांत,'' मी म्हणालो, आणि मला आई आठवली.

आमच्या लहानपणी एका संत्र्याला सात तोंडे असत. आई फोडी मोजून वाटायची, धाकट्याला दोरे काढून द्यायची. तिच्या वाट्याला फोड उरेलच असे नव्हते, दोरे उरायचे. ते चघळत ''मला हेच आवडतं'' म्हणायची. ४० किलोंच्या वर ती कधी गेली नाही. त्या समान वाटणीत तिचे खातेच उघडलेले नव्हते.

हल्ली मीही दोरे टाकत नाही. चोथट लागतात. ते कुणाला आवडत असतील, असे काही मला वाटत नाही.