डिकोडर कोणी जाळला?



आमच्या शिळफाट्याच्या घरी मामंजींनी एका फळीवर छोटी रेल्वे मांडली आहे. कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. ते पाहून आले आणि हा छंद लागला. परवा त्यांचं लाडकं इंजिन बंद पडलं. दिवा लागायचा, पण चाक हलेना.

"किती जोरात पळवतोस! जाळलंस ना शेवटी?" मी लेकावर ओरडले.

"मम्मी, आत्ताच तर चालू केलं," तो रडत म्हणाला. मी ऐकलंच नाही.

चौविहार आटोपल्यावर मामंजी इंजिन घेऊन बसले. या गाड्यांत रुळांतूनच वीजही येते आणि हुकूमही. इंजिनाच्या पोटातला डिकोडर, म्हणजे सर्किटची एक छोटी पट्टी, आपल्या नंबरचा हुकूम ओळखतो आणि मोटर, दिवा चालवतो. दिवा बटणाबरोबर लागत-विझत होता, म्हणजे हुकूम पोहोचत होता. तरी त्यांनी चाकं पुसली. सीव्ही आठमध्ये आठ लिहून डिकोडर मूळ स्थितीत आणला, तीन नंबर देऊन पाहिला. मोटर गप्पच. मग डिकोडर काढून जागी साधा प्लग लावला आणि इंजिन जुन्या डीसी कंट्रोलरवर ठेवलं. धावलं! मोटर शाबूत होती, डिकोडरच गेला होता.

"नवा मागवू या," मी म्हटलं.

"कशानं गेला ते न बघता बसवला, तर तोही जाईल," म्हणत त्यांनी मल्टिमीटर माझ्या हाती दिला.

मोटरच्या नारिंगी आणि राखाडी तारा रुळांकडून येणाऱ्या लाल-काळ्या तारांना कुठेच चिकटता कामा नयेत. प्लग काढून मी एक टोक राखाडी तारेला लावलं, दुसरं सांगाड्याला. मीटर वाजला. तार स्क्रूखाली चेंगरून सोलली होती, आणि या इंजिनाच्या सांगाड्यात एका रुळाची वीज खेळते.

तो स्क्रू मीच आवळला होता. पंधरा दिवसांपूर्वी साफसफाईत कव्हर उघडून धूळ पुसली आणि घाईत बंद केलं. त्यानंतर इंजिन परवा पहिल्यांदाच रुळावर आलं होतं. लेक तेच तर सांगत होता.

पाणी गाळताना, केर काढताना मी मुलांना जयणा शिकवते. स्क्रू आवळताना आणि जीभ उचलताना माझी जयणा कुठे गेली होती? संवत्सरीला सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणणं सोपं असतं. त्या रात्री प्रतिक्रमणानंतर दहा वर्षांच्या पोरासमोर बसून, नेमकी कशाची चूक ते सांगून म्हणताना घसा दाटला.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नवा डिकोडर मी बसवू?"

शनिवारी त्यानंच बसवला. तारेवर नळी चढवली, ती स्क्रूपासून लांब वळवली. मीटर वाजला नाही, तेव्हाच कव्हर लावलं. स्क्रू मात्र त्यानं मला आवळायला दिला. "हळू हं, मम्मी," म्हणाला.

जय जिनेंद्र.