मुद्देनहळ्ळीची वाट

परमुलुखात राहणाऱ्या माणसाला शहर लवकर ओळखीचे होते. मुलूख ओळखीचा व्हायला वेळ लागतो. दूधवाला, वाणी, बसचा क्रमांक एवढ्या भांडवलावर शहरातले दिवस निभावतात. मुलूख पाहायचा तर शहराबाहेरच पडावे लागते. बंगळुरात मल्लेश्वरमच्या एका तिसऱ्या मजल्यावरील मराठी बिऱ्हाड सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी बाहेर पडले, त्याला मात्र आणखीही एक कारण होते.

बिऱ्हाड चौघांचे. मुलगा, सून, आठ वर्षांची नात आणि सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेले आजोबा. आजी गेल्या आणि गोखलेनगरच्या घराला कुलूप लागले. ते घर विकण्याचे कागद महिनाभर मुलाच्या कपाटात पडून होते. सही आजोबांची हवी होती आणि विषय काढण्याचे धैर्य कोणालाच होत नव्हते. आजोबा तक्रार करीत नसत. ते फक्त बोलत नसत. खाली फिरायला गेले तरी शेजाऱ्यांशी मान हलवून परतत. कानडीचा एक शब्दही त्यांनी जिभेवर घेतला नव्हता. जणू तो घेतला की पुण्याचे कुलूप कायमचे झाले असते.

आजोबांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, मुठा कालव्यावर गेली. म्हणून मुलगा जेव्हा म्हणाला, "बाबा, विश्वेश्वरय्यांचे गाव इथून साठेक किलोमीटरवर आहे. येता का?" तेव्हा वर्तमानपत्र खाली ठेवून ते म्हणाले, "डबा लवकर करायला सांग."

हेब्बाळ मागे पडले, देवनहळ्ळी मागे पडली आणि बल्लारी रस्त्याच्या दोन्ही अंगांना मुलूख उलगडू लागला. तांबडी माती, हिरवी नाचणी, द्राक्षांचे मांडव, रेशमाच्या किड्यांसाठी लावलेली तुती आणि मधूनच उघड्या पाठीचे काळे खडक. आजोबांची नजर पाणी शोधीत होती. नंदीच्या डोंगररांगेत अर्कावती, पेन्नार, पालार या नद्यांचा उगम सांगतात. पण वाटेत वाहते पाणी म्हणून दिसेना. या भागाला बारमाही नदी नाही. शतकानुशतके इथली शेती पावसाने भरणाऱ्या तळ्यांवर जगली. अलीकडे तर बंगळूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नळांनी आणून या जिल्ह्यातली तळी भरतात. मुलाने ते सांगितले तेव्हा आजोबा बऱ्याच वेळाने म्हणाले, "धरणे बांधणारा माणूस अशाच गावात जन्मायचा. ज्याच्या दारात नदी, त्याला पाण्याची किंमत कुठली कळायला?"

नंदीच्या पायथ्याशी भोगनंदीश्वराचे देऊळ आहे; त्याचा इतिहास नवव्या शतकापर्यंत मागे जातो. पुष्करिणीच्या पायऱ्यांवर बसून चौघांनी डबा खाल्ला. पायथ्याचा हा शिव भोगाचा, तरुणपणाचा आणि डोंगरमाथ्यावरचा योगनंदीश्वर विरक्तीचा, अशी इथली श्रद्धा. सुनेने माथ्यावर जाण्याविषयी विचारले. आजोबा हसून म्हणाले, "योगनंदी राहू दे. सक्तीची विरक्ती चालू आहेच." सहा महिन्यांतला तो त्यांचा पहिला विनोद होता आणि तो ऐकून मुलाला घास गिळवेना.

मुद्देनहळ्ळीत विश्वेश्वरय्यांचे घर स्मारक म्हणून जपले आहे. गावातच त्यांची समाधी आहे. आजोबा चप्पल काढून आत गेले. या मुलाने लहानपणीच वडील गमावले, बंगळुरात शिकवण्या करून शिक्षण घेतले, पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियंत्याची परीक्षा दिली आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत शिरला. नाशिक, धुळे, पुणे हा त्याचा मुलूख झाला. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली त्याचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरावीक पातळीवर चढले की ते आपोआप उघडत आणि ओसरले की मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. १९०९ साली तो म्हैसूर संस्थानात परतला आणि १९१२ ते १९१८ दिवाण होता. आजोबांना हे सारे पाठ होते.

स्मारकातल्या वृद्ध रखवालदाराने विचारले, "एल्लिंद बंदिरि?" नातीने आजोबांच्या वतीने पुण्याचे नाव सांगितले. रखवालदाराचा चेहरा उजळला. त्याने खडकवासल्याचे नाव घेतले, त्याच्या कानडी उच्चारात. आजोबा चमकून थांबले आणि मग मराठीत सांगू लागले. नात कानडी करून देऊ लागली. दरवाज्यांचे सांगून झाले आणि बोलणे आपसूक १२ जुलै १९६१ वर आले. त्या दिवशी पानशेतचे मातीचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत खचली आणि पाणी पुण्यात शिरले. आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते. नदीकाठच्या पेठेतले त्यांचे भाड्याचे घर त्या पाण्यात गेले. गोखलेनगर ही पूरग्रस्तांसाठी उभी राहिलेली वसाहत. तिथे ते पुढे वाढले. "विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते," आजोबा म्हणाले. "शंभरीच्या घरात. इथेच, बंगळुरात. त्यांना काय वाटले असेल, हे मी पुष्कळदा मनात आणले आहे."

नात अडखळली. तिला 'पूर' या शब्दाला कानडी शब्द सुचेना. रखवालदारानेच तो पुरवला, "प्रवाह." आजोबांनी तो शब्द स्वतःशी पुन्हा उच्चारला. जो शब्द मराठीत शांतपणे वाहतो, तोच कानडीत घरे वाहून नेतो!

निघताना नातीने विचारले, "त्यांच्या नावाआधी मोक्षगुंडम का?" ते गावाचे नाव, आज आंध्र प्रदेशात असलेल्या, पिढ्यांपूर्वी घराणे तिथून म्हैसुरात आले, असे तिच्या वडिलांनी सांगितले. "म्हणजे गाव सोडले तरी नाव सोडले नाही," ती म्हणाली. आजोबा थबकले. त्यांच्या स्वतःच्या आडनावातही कोकणातले एक गाव 'कर' लावून बसले होते आणि त्या गावात चार पिढ्यांत त्यांच्यापैकी कोणी राहिले नव्हते.

परतीच्या वाटेवर संध्याकाळ झाली. नात आजोबांच्या मांडीवर झोपली. विमानतळाचे दिवे मागे पडल्यावर आजोबांनीच विषय काढला.

"कागद कपाटात कुठल्या खणात आहेत?"

मुलाने गाडीचा वेग कमी केला. "तुम्हाला ठाऊक होते, बाबा?"

"एका घरात राहतो आपण. वाचून सही करीन. पण त्याआधी हिला घेऊन पुण्याला जाऊ. गोखलेनगर दाखवू, नदीकाठी आमचे पहिले घर होते ती जागा दाखवू आणि खडकवासला. नुसते सांगून कळत नाही."

सून हलकेच म्हणाली, "दिवाळीच्या सुटीत जाऊ या."

घरी पोचल्यावर जिन्यात नेहमीचे शेजारी भेटले आणि त्यांनी कानडीत काही विचारले. नात झोपेत होती, सांगायला कोणी नव्हते. आजोबांनी क्षणभर शब्द जुळवले आणि म्हणाले, "मुद्देनहळ्ळीइंद बंदिरि." क्रियापद चुकले होते. शेजारी हसले नाहीत. "बंदे," एवढेच त्यांनी दुरुस्त केले आणि आजोबांनी ते पायऱ्या चढताना दोनदा म्हणून पाहिले.