बाबाटीची तूर

टांझानियात अरुशाहून दक्षिणेस निघाले की क्वारा डोंगराच्या पायथ्याशी बाबाटी लागते. इथल्या शेतांत मक्याच्या ओळींमध्ये आपली परिचित तूर उभी असते. स्वाहिली भाषेत तिला ‘म्बाझी’ म्हणतात. मका काढून नेल्यावरही खोल मुळांच्या बळावर ती हिरवी राहते आणि जमिनीला नत्र देते. केनियाच्या किनाऱ्यावर, मोम्बासात, नारळाच्या दुधात शिजवलेली म्बाझी लोक न्याहारीला आवडीने खातात. बाबाटीत मात्र ती मुख्यतः विक्रीसाठी पिकते, आणि मोठा ग्राहक एकच : भारत.

या परावलंबनाची झळ २०१७ साली लागली. भारतात विपुल पीक आल्याने सरकारने ऑगस्टमध्ये तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली आणि तिकडे भाव कोसळले. २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली, तरी प्रश्न उरलाच. ज्या पिकाला स्वतःच्या ताटात मान नाही, ते परक्या बाजाराच्या लहरीवर जगते. मोम्बासाची न्याहारी बाबाटीच्या चुलीपर्यंत पोहोचली, तिथेच डाळ भरडली जाऊ लागली, तर त्या शेतकऱ्याला दुसरा आधार लाभेल. धान्याच्या पेढीवर बसणाऱ्याने पोत्यातील तुरीचा भाव पाहताना हे शेतही डोळ्यांसमोर ठेवावे.