मूळचे कुठले?

शिरूरच्या एसटी स्टँडजवळ आम्ही चहाला थांबलो होतो. बरोबर माझा भाचा होता. सहा वर्षांपासून तो फ्रान्समध्ये, लील शहरात नोकरी करतो. दौंडला आमच्या मामूंच्या नातीचा निकाह होता, म्हणून सुट्टी काढून आलेला. टपरीवाल्याशी त्याच्या गप्पा रंगल्या. ऊस, पाऊस, रात्री शेतात दिसणारा बिबट्या. निघताना टपरीवाल्याने नाव विचारलं आणि नाव ऐकून कौतुकाने म्हणाला, "अरे वा, मराठी फार छान बोलता की तुम्ही! मूळचे कुठले?"

माणूस भला होता, दुसऱ्या चहाचे पैसेसुद्धा घेईना. पण भाच्याचे आजोबा-पणजोबा याच गावच्या कब्रस्तानात आहेत. तो शिकला इथल्याच मराठी शाळेत. घरी दखनी, बाहेर मराठी, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. हा प्रश्न कानावर पडला नाही असं आपल्यातलं घर शोधून सापडायचं नाही.

गाडीत बसल्यावर भाचा हसला. "मामू, लीलमध्ये हेच वाक्य मी किती वेळा ऐकलंय! मला कुणी म्हटलं तर ठीक आहे, मी खरंच परका. पण माझ्या शेजाऱ्यालाही म्हणतात."

त्या शेजाऱ्याचे आजोबा अल्जीरियातून लीलजवळच्या रूबे गावी कापड गिरणीत कामाला आले. शेजाऱ्याचा बाप तिथेच जन्मला, तोही तिथेच. अल्जीरिया फ्रान्सने 1830 मध्ये घ्यायला सुरुवात केली आणि 1848 पासून तो फ्रान्सचाच भाग म्हणून जाहीर केला. जमीन फ्रान्सची झाली, पण तिथला मुसलमान बहुतेक काळ फक्त प्रजा राहिला, बरोबरीचा नागरिक नाही. 1962 मध्ये देश स्वतंत्र झाला, तोवर हजारो कामगार फ्रान्सच्या गिरण्यांत, खाणींत आणि मोटारींच्या कारखान्यांत राबत होते. आज त्यांच्या नातवंडांना विचारतात, तू मूळचा कुठला?

गंमत अशी की फ्रान्सच्या जनगणनेत धर्म किंवा वंश विचारतच नाहीत. कायद्यापुढे सगळे फक्त फ्रेंच. आपल्याकडे खानेसुमारीत धर्म आणि मातृभाषा दोन्ही विचारतात. तिथे कागद गप्प असतो आणि प्रश्न मुलाखतीत, भाड्याचं घर बघताना, पोलिसांनी रस्त्यात अडवल्यावर येतो. नाव वाचून नोकरीचा अर्ज बाजूला पडतो, हे तिथल्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. 1998 मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिदानने दोन गोल मारले तेव्हा त्याला कुणी मूळ विचारलं नाही. त्याचे आईबापही अल्जीरियाचेच. पण सगळ्यांनाच गोल मारता येत नाहीत.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कंपनी सरकारची मोठी छावणी होती. कर्नल विल्यम वॉलेस हा अंमलदार 1809 मध्ये इथेच वारला. त्याची कबर गावात आहे. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात नोंद आहे की आसपासचे गावकरी या गोऱ्याला सत्पुरुष मानत. सुगीत पहिल्या धान्याचा नैवेद्य, गुरांवर रोग आला की ऊद आणि नारळ. कबरीपुढे असं करावं का, हा वाद आपल्या घरांत जुना आहे, तो इथे नको. मला नवल वाटतं ते वेगळंच. सातासमुद्रापलीकडून आलेला, मराठी सरदारांविरुद्ध लढलेला परका माणूस, आणि त्याला मूळ न विचारता गावाने आपला केला.

याच छावणीतून 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाची लढाई झाली. पायदळात महार शिपाई मोठ्या संख्येने होते, सोबत मद्रासचे तोफची आणि पूना ऑक्झिलरी हॉर्स या रिसाल्याचे सुमारे अडीचशे स्वार. समोर पेशव्यांच्या फौजेत अरब पायदळ आघाडीवर. त्या लढाईवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्या रिसाल्याची पुढची वाट सांगायची आहे, कारण ती फ्रान्सला जाते.

हाच रिसाला पुढे पूना हॉर्स झाला. 1857 च्या इराण मोहिमेत त्यांनी एक निशाण जिंकलं. त्याच्या टोकाला चांदीचा पंजा आहे आणि त्यावर अल्लाहच्या हाताचा उल्लेख असलेले सूरह फतहमधले शब्द कोरलेले आहेत. भारतीय लष्कराची ही पलटण आजही ते निशाण अभिमानाने मिरवते. 1914 च्या थंडीत हे स्वार, त्यांत राजपूत आणि मुसलमान दोन्ही, फ्रान्सच्या चिखलात घोड्यांवरून उतरून खंदकांत लढले.

लीलपासून जवळच नव्ह-शापेल नावाचं खेडं आहे. तिथे 1927 मध्ये उभारलेलं भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. ज्यांची कबर सापडली नाही अशा साडेचार हजारांहून जास्त जणांची नावं भिंतीवर आहेत. ईश्वर एक आहे, अशा अर्थाचा मजकूर इंग्रजी, अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत कोरला आहे. भाचा एका रविवारी शेजाऱ्याला घेऊन तिथे गेला होता. "पूना हे अक्षर दिसलं आणि मामू, मला घोडनदीच आठवली," तो म्हणाला. शेजारी बराच वेळ नावं वाचत होता. त्याच्या पणजोबांचा भाऊही त्याच युद्धात फ्रान्सकडून लढून मेला. अशा मुसलमान सैनिकांच्या आठवणीसाठी पॅरिसची मोठी मशीद बांधली, 1926 मध्ये ती उघडली. त्याच देशात 2004 च्या कायद्याने सरकारी शाळेत मुलींच्या डोक्यावरची ओढणी बंद झाली. शेजाऱ्याच्या बहिणीने तेव्हा शाळेच्या फाटकावर रोज ओढणी काढून दप्तरात ठेवली आणि परीक्षा दिली. ती आता दातांची डॉक्टर आहे.

न्हावऱ्यावरून पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका. दोन्ही बाजूंना ऊस आणि गुऱ्हाळांच्या चिमण्या. एका गुऱ्हाळावर ताजा काकवीचा वास आला म्हणून उतरलो. काहिलीवर उत्तर प्रदेशातले कामगार होते, चुलवाणात चिपाडं सारणारा पोरगाही तिकडचाच. गूळ आपला मराठी, हात तिकडचे. "किती वर्षं झाली?" भाच्याने विचारलं. "बारा साल." मग त्यानेही नकळत विचारलं, "मूळ गाव कौनसा?" आणि माझ्याकडे बघून ओशाळला.

केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन लागतं. 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून, नंतर गुजरातेतून त्यांनी अनाथ मुली आणि विधवा इथे आणल्या. आम्ही फाटकातून बघून पुढे निघालो, निकाहची वेळ होत आली होती.

दौंड म्हणजे रेल्वे. मनमाडकडची लाइन इथे येऊन मिळते. मनमाडहून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. कॉर्ड लाइन झाली तेव्हा काही गाड्यांचा तो खोळंबा संपला. मामू रेल्वेत ड्रायव्हर होते. जेवणं झाल्यावर अंगणात खुर्ची टाकून जुन्या कॉलनीच्या गोष्टी सांगू लागले. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचा. जन्म इथला, बापही रेल्वेतच. ईदला शीरखुर्मा त्याच्याकडे आणि नाताळचा केक आमच्याकडे. "पण त्याला सगळे एकच विचारायचे, साहेब, विलायतेला कधी जाणार? तो चिडून म्हणायचा, मी विलायत पाहिलीसुद्धा नाही. शेवटी पोरं ऑस्ट्रेलियाला गेली, म्हातारा त्यांच्या मागे गेला. जाताना मला म्हणाला, आता तिकडे विचारतील, इंडियाला परत कधी जाणार?"

मामूंनी मग भाच्याकडे मोर्चा वळवला. "तू काय ठरवलंस, बेटा?"

आपा तेवढ्याचीच वाट बघत होती. फ्रान्सचं नागरिकत्व मागायला तो आता पात्र आहे. भाषेची परीक्षा, मुलाखत. हवं असेल तर नाव फ्रेंच करून घेण्याचीही सोय असते. मात्र आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही, हा पासपोर्ट परत करावा लागेल. "नाव बदलणार नाही," तो म्हणाला. "बाकीचं अजून ठरलं नाही." आपा काही बोलली नाही, भांडी गोळा करू लागली.

दुसऱ्या दिवशी दौंडहून पुण्याची गाडी धरली. समोरच्या बाकावर एक वयस्कर व्यापारी होते. डबा उघडून आम्हाला आग्रहाने पुरी आणि लोणचं दिलं. थोड्या वेळाने भाच्याला नाव विचारलं आणि मग तेच.

"मूळचे कुठले तुम्ही?"

"घोडनदीचा."

"तसं नाही हो. मूळचे?"

भाचा हसून म्हणाला, "काका, आधी तुम्ही सांगा."

"आम्ही? आम्ही मूळचे मारवाडचे," ते म्हणाले. "पण चार पिढ्या दौंडलाच. आता आमचं सगळं इथंच." आणि त्यांनी आणखी एक पुरी त्याच्या हातावर ठेवली.