एका मोटार-संघाची कहाणी

मोटारींच्या शर्यतींचा नाद मला नाही. मला पायवाटच अधिक प्रिय. तथापि वर्गातील मुलांच्या तोंडी सदैव असणाऱ्या मॅक्लारेन या संघाचा इतिहास मी कुतूहलाने वाचला, आणि त्यातील एक प्रसंग मनात घर करून बसला.

संघाचे संस्थापक ब्रूस मॅक्लारेन १९३७ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे जन्मले. नवव्या वर्षी खुब्याचे दुखणे जडून त्यांस सुमारे दोन वर्षे अंथरुणास खिळून राहावे लागले, आणि एक पाय जन्मभर आखूडच राहिला. तरीही १९५९ साली, अवघ्या २२व्या वर्षी, त्यांनी अमेरिकेची ग्रां प्री जिंकली. १९६३ साली इंग्लंडात त्यांनी स्वतःचा संघ काढला, व १९६८ साली बेल्जममध्ये आपल्याच नावाची मोटार हाकून विजय मिळवला.

पुढे २ जून १९७० रोजी गुडवुड येथे नव्या मोटारीची चाचणी घेत असता अपघात होऊन ते कालवश झाले. दुसऱ्या दिवशी सुटी दिली असताही सारे कारागीर कारखान्यात हजर झाले, असे सांगतात. बाराव्या दिवशी कॅनडातील मोस्पोर्ट येथे संघाच्या मोटारी शर्यतीस उभ्या होत्या! डॅन गर्नी पहिले आले. ब्रूस यांचे देशबंधू डेनी हुल्म यांचे हात महिन्यापूर्वीच भाजले होते. तरी ते तिसरे आले, आणि त्या वर्षीचे कॅन-ॲम अजिंक्यपदही त्यांनीच पटकावले.

यानंतर संघाने चढउतार पुष्कळ पाहिले. १९८८ साली १६ पैकी १५ शर्यती त्याने जिंकल्या. उलट १९९८ नंतर संघांचे जगज्जेतेपद पुन्हा हाती येण्यास २०२४ साल उजाडावे लागले. २०२५ सालीही ते त्याने राखले.

हे कसे घडले? माझ्या मते, ब्रूस यांनी मोटारींबरोबर माणसेही घडवली होती. आपल्याला येते ते त्यांनी सोबत्यांपासून लपवून ठेवले नाही. शिक्षकाच्या धंद्यात असल्याने मला ही गोष्ट विशेष जाणवते. मुलांच्या हाती घरचे काम सोपवू पाहणाऱ्या पालकांसही ती जाणवेल. आणि आमच्या वर्गप्रमुखांनो, संघनायकांनो, ज्या दिवशी तुम्ही मैदानावर नसाल त्या दिवशी तुमचा संघ खेळेल काय, एवढे एकदा स्वतःस विचारून पाहा.