पिल्लाची आई कुठे आहे?

टॉफीच्या लसीकरणाचं कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर निळ्या पेनने दोन तारखा लिहिल्यात. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर नाही, डॉक्टरांची सही नाही, शिक्का नाही. त्या दिवशी मला हे दिसलंच नव्हतं.

मी कंटेंट रायटर आहे. पेट फूड विकणाऱ्या एका क्लायंटसाठी मी स्वतः लेख लिहिला होता, ‘पिल्लू घेण्याआधी विचारा हे १० प्रश्न.’ त्यानंतर आठ महिन्यांनी मी पुण्याबाहेर हायवेवरच्या एका पेट्रोल पंपावर १२ हजार रुपये देऊन लॅब्राडोरचं पिल्लू घेतलं आणि त्या दहातला एकही प्रश्न विचारला नाही. माणूस बाईकवरून आला होता, पिल्लू भाजीच्या पिशवीत होतं. “दो महिने की है, सब इंजेक्शन हो गया,” एवढं म्हणाला आणि गेला. पिशवीतून तो चेहरा वर आल्यावर कोण प्रश्न विचारणार?

चौथ्या दिवशी टॉफीला उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी टेस्ट केली. पार्व्हो. मग त्यांनी तिचं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाले, “दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. हिचे अजून यायचेत. जेमतेम पाच आठवड्यांची असेल. आणि हा आजार बहुतेक ती येतानाच घेऊन आलीय.” तीन दिवस सलाइन चाललं. बाबा क्लिनिकच्या बाकावर बसून असायचे. तिसऱ्या रात्री ती गेली. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद.

आई म्हणाली, आता या घरात कुत्रा नको. बाबा काहीच म्हणाले नाहीत, हे जास्त वाईट होतं.

दोन वर्षं गेली. बाबा रिटायर झाले आणि एका रविवारी चहा पिताना हळूच म्हणाले, “बघूया का परत?” (रस्त्यावरचं पिल्लू का नाही, हे तुम्ही विचाराल. माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. बाबांच्या लहानपणी वाड्यात लॅब्राडोर होता आणि त्यांना तोच हवा होता, एवढंच.)

या वेळी मी फोनवरच भांडायच्या तयारीने बसले. पहिला ब्रीडर म्हणाला, “मॅडम, डबल बोन, एकदम हेवी क्वालिटी. पेपरवाला पाहिजे की बिना पेपरचा? पेपरचे जास्त पडतील.” पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं सर्टिफिकेट. त्यावरून पिल्लाचे आईवडील कोण ते कळतं, पिल्लू निरोगी आहे की नाही ते कळत नाही. मी विचारलं, “पिल्लाची आई बघता येईल का?” “आई दुसऱ्या फार्मवर असते, व्हिडिओ पाठवतो.” मग मी राज्य पशू कल्याण मंडळाच्या नोंदणीचा नंबर मागितला. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार ब्रीडरला ही नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. फोन कट झाला. दुसऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलं. तिसरा मात्र शांतपणे म्हणाला, “घ्यायचं असेल तर घ्या, एवढी चौकशी मुलगी बघतानाही करत नाहीत.” यावर आईसुद्धा हसली.

चौथ्या ठिकाणी आम्ही तिघं गेलो. तळेगावच्या पुढे एक जुना बंगला, पन्नाशीच्या काकू. दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा बाहेर आली ती पिल्लांची आई, राणी. पोट अजून लोंबत होतं, पण अंगावर तकाकी होती. तिने आमच्या चपला हुंगल्या आणि बाबांच्या पायाशी जाऊन बसली. काकूंनी वही काढली. पिल्लांची जन्मतारीख, दर आठवड्याचं वजन, जंताचं औषध कधी दिलं, सगळं लिहिलेलं. लॅब्राडोरमध्ये खुब्याच्या सांध्याचा आजार आनुवंशिक असतो म्हणून मी घाबरतच विचारलं, “राणीच्या खुब्यांचा एक्स-रे केलाय?” त्या आत जाऊन पाकीट घेऊन आल्या. “कोपरांचा नाही केला,” त्या स्वतःहून म्हणाल्या. त्या एका वाक्यावर माझा विश्वास बसला.

माझी यादी संपली तेव्हा त्यांनी विचारायला सुरुवात केली. फरशी गुळगुळीत आहे का? लिफ्ट बंद पडली तर? दिवसभर घरी कोण? रोज दोनदा फिरवणार कोण?

“मी,” बाबा म्हणाले.

“वय किती तुमचं?”

“त्रेसष्ट.”

“लॅब दहा-बारा वर्षं जगतो. पहिली दोन वर्षं तर तो तुम्हाला ओढतच नेईल. गुडघे कसे आहेत?” बाबा गप्प. मग काकू माझ्याकडे वळल्या. “आणि ही उद्या लग्न करून गेली, नाहीतर नोकरीला बाहेर गेली तर?”

बेंगळुरूच्या कंपनीचं ऑफर लेटर पाच दिवसांपासून माझ्या मेलमध्ये होतं. मी घरी सांगितलं नव्हतं. टॉफीनंतर बाबांना एकटं सोडून जायचं, हे माझ्याच्याने म्हणवत नव्हतं. पिल्लू आणून मग सांगावं, असा माझा हिशेब होता. तिथे, परक्या बाईच्या हॉलमध्ये, मी सांगून टाकलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा खाली वाकून राणीच्या कानामागे खाजवत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “कधी जायचंय?”

“पुढच्या महिन्यात.”

“मग पिल्लू नको,” ते काकूंना म्हणाले. आणि मग, “हिचं वय किती?”

राणी पाच वर्षांची होती. ही तिची तिसरी वेत. काकू म्हणाल्या, आता तिला पुन्हा पिल्लं होऊ देणार नाही, ऑपरेशन करून एखादं शांत घर बघायचंय, पण मोठं कुत्रं कोणी मागत नाही. पैसे त्यांनी घेतले नाहीत. मात्र महिन्यातून एकदा फोटो पाठवायचा, आणि काही कारणाने जमलं नाही तर तिला त्यांच्याकडेच परत आणायचं, हे बाबांकडून कागदावर लिहून घेतलं.

मी गेल्यानंतर दीड महिन्याने राणी घरी आली. त्यामुळे तिचा गृहप्रवेश मी व्हिडिओ कॉलवर पाहिला. बाबांनी हॉलमध्ये जुन्या सतरंज्या अंथरल्यात, पाय घसरू नये म्हणून. सकाळी दोघं सोसायटीला दोन फेऱ्या मारतात, दोघंही सावकाश. “कुत्रा नको” म्हणणारी आई तिचं चिकन कांदा-लसूण न घालता वेगळ्या पातेल्यात उकडते आणि फोनवर माझ्याआधी तिची खुशाली सांगते.


काल बाबांनी कार्डाचा फोटो पाठवला. स्टिकर, सही, शिक्का. खाली लिहिलं होतं, “चेक कर.”