स्कॉटलंडचे सहा दिवस : लक्षात राहणारे गोल्फचे होल

लेखांक पहिला

गुरुवार : प्रेस्टविक

ग्लासगोहून आयरकडे जाणारी गाडी प्रेस्टविक टाउन स्थानकात शिरते, तेव्हा रुळांना खेटूनच गोल्फचे मैदान सुरू होते. पहिल्या होलच्या उजव्या बाजूला पूर्ण लांबीभर रेल्वेची भिंत आहे. चेंडू तिच्यापलीकडे गेला की एक फटका दंड भरून पुन्हा पहिल्या जागेवरून खेळावे लागते. टी या जागेवरून सुरुवातीचा फटका मारायचा, फेअरवे नावाच्या कापलेल्या हिरवळीच्या पट्ट्यावरून पुढे सरकायचे आणि ग्रीनवर झेंडा रोवलेल्या भोकात चेंडू घालायचा, हा एका होलचा क्रम. कुशल खेळाडूला त्यासाठी जितके फटके पुरावेत तितका त्या होलचा पार. मैदानात असे १८ होल असतात. त्यांतले बरेचसे खेळून झाल्यावर एकमेकांत मिसळून जातात, तर मोजके होल शंभर वर्षांनंतरही नावानिशी सांगितले जातात. त्या मोजक्या होलांची आखणी पाहण्यासाठी स्कॉटलंडसारखा दुसरा देश नाही.

प्रेस्टविकचा क्लब १८५१ मध्ये स्थापन झाला. सेंट अँड्र्यूजहून आलेल्या ओल्ड टॉम मॉरिस यांनी समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधून १२ होल आखले. १८६० मध्ये पहिली ओपन, म्हणजे ब्रिटनची प्रमुख गोल्फ स्पर्धा, इथेच झाली. आठ खेळाडूंनी एका दिवसात १२ होलांच्या तीन फेऱ्या पूर्ण केल्या आणि विली पार्क विजयी झाले. १९२५ पर्यंत या मैदानाने २४ वेळा ओपन भरवली.

मॉरिस यांच्या काळात डोंगर सपाट करणारी यंत्रे नव्हती, त्यामुळे टेकडी वाटेत आली की तिच्यावरून खेळावे लागे. आजचा सतरावा होल ‘आल्प्स’ हा त्या मूळ आखणीतून आजवर टिकलेला होल आहे. लांबी सुमारे ३९० यार्ड, म्हणजे साधारण ३५५ मीटर, आणि पार चार. दुसऱ्या फटक्याच्या वेळी समोर उंच टेकाड उभे असते आणि ग्रीन दिसतच नाही. टेकाडाच्या पलीकडच्या पायथ्याशी ‘सहारा’ नावाचा मोठा बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आहे. त्यामुळे फटका कमी पडला तर चेंडू टेकडी ओलांडूनही वाळूत जातो. ‘हिमालयाज’ हा पाचवा होल पार तीनचा असून तोही असाच झाकलेला आहे. तिथे वाळूच्या टेकडीवर रंगीत चकत्या लावल्या आहेत. ज्या रंगाच्या टीवरून खेळायचे, त्या रंगाच्या चकतीवर नेम धरायचा. झाकलेल्या ग्रीनवरून पुढचा गट निघाला की तो घंटा वाजवतो, आणि मगच मागचे खेळाडू फटका मारतात.

न दिसणाऱ्या लक्ष्याची आखणी आज फारशी कोणी करत नाही, कारण चांगल्या फटक्यालाही नशिबावर सोडून देणे अनेकांना अन्याय वाटतो. तरीही ‘आल्प्स’ मनातून जात नाही. फटका मारल्यापासून टेकाडाच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत चेंडू कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते, आणि त्या चढणीवरची उत्सुकता हीच या होलची खरी रचना आहे.

शुक्रवार : ट्रून

प्रेस्टविकच्या उत्तरेला अगदी जवळ रॉयल ट्रूनचे मैदान आहे. क्लबची स्थापना १८७८ ची. ओपनच्या इतिहासातला सर्वांत लांब आणि सर्वांत ख्यातनाम आखूड असे दोन्ही होल याच मैदानावर आहेत. २०२४ च्या ओपनमध्ये सहावा होल ६२३ यार्ड लांबीचा होता. त्यानंतर एक होल सोडला की येतो १२३ यार्डांचा, म्हणजे जेमतेम ११२ मीटरचा, आठवा होल. त्याचे नाव ‘पोस्टेज स्टॅम्प’.

टी उंचावर आहे, मध्ये खोलगट जमीन आहे आणि पलीकडे वाळूच्या टेकडीच्या कुशीत चिंचोळे ग्रीन कोरलेले आहे. भोवती पाच बंकर आहेत. डाव्या बाजूचा ‘कॉफिन’ बंकर इतका अरुंद आहे की त्यात धड उभे राहण्यापुरतीही जागा मिळत नाही. एका बाजूच्या वाळूतून जोरात काढलेला चेंडू ग्रीन ओलांडून समोरच्या वाळूत पडतो. समुद्रावरचा वारा दिशा बदलत राहतो, त्यामुळे सकाळी हलक्या फटक्यात गाठता येणारे ग्रीन दुपारी दूर वाटू लागते.

१९५० च्या ओपनमध्ये जर्मनीचे हौशी खेळाडू हेर्मान टिसीज यांना या होलवर १५ फटके लागले. १९७३ मध्ये ७१ वर्षांच्या जीन साराझेन यांनी टीवरून मारलेला चेंडू थेट भोकात गेला. दुसऱ्या दिवशी त्यांचा चेंडू बंकरमध्ये पडला, आणि तिथूनही त्यांनी तो एका फटक्यात भोकात घातला. दोन दिवसांत हा होल त्यांनी तीन फटक्यांत पूर्ण केला आणि पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू हलकेच ढकलण्याची काठी, वापरण्याची वेळच आली नाही. १५ आणि १ हे दोन्ही आकडे एकाच होलवर संभवतात, यातच त्याची थोरवी आहे. इथे ताकदीला किंमत नाही. अंतर सगळ्यांना झेपणारे असल्याने प्रश्न उरतो तो फक्त नेमकेपणाचा.

शनिवार : नॉर्थ बेरिक

एडिंबरोहून पूर्वेला जाणारी गाडी अर्ध्या तासाच्या आसपास नॉर्थ बेरिकला पोहोचवते. फर्थ ऑफ फोर्थच्या किनाऱ्यावरच्या वेस्ट लिंक्स मैदानावर जुन्या दगडी भिंती फेअरवेमधून आडव्यातिडव्या जातात. त्या पाडून टाकण्याऐवजी आखणीतच सामावून घेतल्या आहेत. तेराव्या ‘पिट’ होलवर ग्रीनच्या अगदी पुढ्यात अशी बुटकी भिंत आहे. ग्रीन तिच्या आणि वाळूच्या टेकडीच्या मधल्या खोलगट जागेत आहे. भिंतीला टेकलेल्या चेंडूला कोणतीही सवलत नाही, प्रसंगी मागे खेळूनच सुटका करून घ्यावी लागते. सोळाव्या ‘गेट’ होलचे ग्रीन मधल्या खोल चरामुळे दोन उंचवट्यांत विभागले गेले आहे. चेंडू ग्रीनवर आहे, पण चुकीच्या उंचवट्यावर, ही स्थिती तिथे बंकरइतकीच अवघड ठरते.

या मैदानाचे नाव जगभर गेले ते मात्र पंधराव्या ‘रेडॅन’ होलमुळे. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात याच नावाचा रशियन बुरूज होता. १८५५ मध्ये त्यावरचा ब्रिटिश हल्ला फसला, आणि त्या आठवणीतून हे नाव या होलला मिळाले.

रेडॅन पार तीनचा असून लांबी सुमारे १९० यार्ड आहे. त्याचे ग्रीन टीसमोर सरळ पसरलेले नाही. ते पुढच्या उजव्या कोपऱ्यातून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे तिरके जाते आणि त्याच दिशेने उतरते. डावीकडे, ग्रीनच्या पुढ्यात, खोल बंकर आहे. झेंडा बहुधा त्याच्याच मागे दिसतो. थेट झेंड्यावर नेम धरणाऱ्याला बंकर ओलांडावा लागतो, आणि तो ओलांडला तरी चेंडू उतारावरून मागे घरंगळून जाण्याची भीती असते. जाणता खेळाडू झेंड्याकडे पाठ फिरवल्यासारखा उजवीकडे नेम धरतो. चेंडू ग्रीनच्या उजव्या तोंडाशी पडतो आणि उतार त्याला हळूहळू डावीकडे, झेंड्यापर्यंत घेऊन जातो. फटका अर्धा खेळाडूचा असतो आणि अर्धा जमिनीचा.

या एका कल्पनेच्या प्रतिकृती अनेक देशांत झाल्या. त्याचे श्रेय चार्ल्स ब्लेअर मॅक्डोनल्ड यांना जाते. १८७२ मध्ये ते शिक्षणासाठी अमेरिकेतून सेंट अँड्र्यूजला आले आणि गोल्फमध्ये रमले. पुढे ब्रिटनमधल्या उत्तम होलांचा अभ्यास करून त्यांनी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका हे मैदान उभारले. ते १९११ मध्ये रीतसर सुरू झाले. तिथला तिसरा होल ‘आल्प्स’ आणि चौथा ‘रेडॅन’. मॅक्डोनल्ड यांनी ग्रीनची तिरकी मांडणी, त्याचा कल आणि बंकरची जागा ही सूत्रे उचलली, आणि दुसऱ्या जमिनीला साजेल असा त्यांचा उपयोग केला.

रविवार : सेंट अँड्र्यूज

सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्थानक नाही. ल्यूकर्सला उतरून पुढे बसने जावे लागते. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि गावातली माणसे, मुले आणि कुत्री मोकळेपणी फेअरवेवर फिरतात. आखणी जवळून पाहायला याहून चांगला दिवस नाही, कारण टीवरून सपाट वाटणारी जमीन पायाखाली किती उंचसखल आहे हे चालतानाच कळते.

१७६४ मध्ये या मैदानाचे २२ होल कमी करून १८ केले गेले आणि पुढे तोच आकडा जगभर रूढ झाला. पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा हे चार होल सोडले तर बाकी सगळे जोडीने एकेक ग्रीन वापरतात. अशा प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज १८ येते.

अकराव्या होलचे ग्रीन पाठीमागून पुढे तीव्र उतरते आणि पुढ्यात ‘हिल’ व ‘स्ट्रॅथ’ हे दोन बंकर आहेत. १९२१ मध्ये अमेरिकेचे तरुण खेळाडू बॉबी जोन्स ‘हिल’मध्ये अडकले आणि त्यांनी खेळ अर्धवट सोडला. त्याच मैदानावर त्यांनी १९२७ ची ओपन जिंकली. पुढे ऑगस्टा नॅशनल हे मैदान उभारताना त्यांनी सोबतीला घेतले ते ॲलिस्टर मॅकेन्झी यांना. १९२४ मध्ये ओल्ड कोर्सचा प्रसिद्ध नकाशा काढणारे ते हेच. चौदाव्या ‘लाँग’ होलवर भल्यामोठ्या ‘हेल’ बंकरला टाळण्याच्या अनेक वाटा आहेत, आणि मॅकेन्झी यांना हेच वैभव वाटे. एका होलवर प्रत्येकाने आपल्या कुवतीप्रमाणे वेगळी वाट काढावी, हे त्यांचे तत्त्व होते.

या तत्त्वाचा सर्वांत कठोर आविष्कार म्हणजे सतरावा, ‘रोड होल’. २०१० पासून ओपनमध्ये त्याची लांबी ४९५ यार्ड आणि पार चार आहे. पहिला फटका शेजारच्या हॉटेलच्या आवारातल्या हिरव्या शेडवरून मारायचा. तिथे पूर्वी रेल्वेच्या शेड होत्या. उजवीकडे हॉटेलच्या हद्दीला जितके खेटून जावे तितका ग्रीनकडे जाणारा कोन मोकळा मिळतो, पण हद्दीबाहेर जाण्याचा धोकाही तितकाच वाढतो. डावीकडची सुरक्षित वाट धरली तर पुढच्या फटक्यात ‘रोड’ बंकर ग्रीनच्या आड येतो. ग्रीन अरुंद, तिरके आणि उंचावर आहे. त्याच्यामागे रस्ता आणि रस्त्यापलीकडे दगडी भिंत आहे. रस्त्यावर पडलेला चेंडू आहे तिथूनच खेळावा लागतो.

१९७८ मध्ये जपानचे त्सुनेयुकी नाकाजिमा दोन फटक्यांत या ग्रीनवर पोहोचले होते, पण त्यांनी पटरने मारलेला चेंडू उतारावरून बंकरमध्ये गेला आणि होल नऊ फटक्यांत संपला. १९८४ मध्ये टॉम वॉटसन यांचा दुसरा फटका ग्रीन ओलांडून भिंतीजवळ गेला आणि ओपन सेवे बायेस्तेरोस यांनी जिंकली. खरे तर ग्रीनवर काय होणार हे टीवरच बव्हंशी ठरलेले असते. पहिल्या निर्णयाची किंमत पुढच्या फटक्यात मोजायला लावणारी अशी रचना दुसरीकडे क्वचितच सापडते.

सोमवार : कार्नूस्टी

टे नदीवरचा लांब रेल्वेपूल ओलांडून, डंडीमार्गे कार्नूस्टी येते. इथल्या सहाव्या होलवर फेअरवेच्या मध्यावर बंकर आहेत आणि डावीकडे हद्दीचे कुंपण आहे. उजवीकडून जाणे सोपे, पण लांबचे. बंकर आणि कुंपण यांच्यामधली चिंचोळी पट्टी मात्र ग्रीनकडे सरळ नेते. १९५३ मध्ये बेन होगन आयुष्यात एकदाच ओपन खेळले, ती इथेच, आणि जिंकलेही. त्या पट्टीवर नेम धरणारा खेळाडू अशी त्यांची ख्याती झाली आणि आज हा होल ‘होगन्स ॲली’ म्हणून ओळखला जातो.

अठरावा होल पाण्याचा आहे. बॅरी बर्न हा ओढा शेवटच्या दोन होलांवर वळणे घेत पुन्हा पुन्हा आडवा येतो आणि शेवटी अठराव्या ग्रीनच्या पुढ्यातून वाहतो. १९९९ मध्ये फ्रान्सचे जाँ वान द वेल्द तीन फटक्यांची आघाडी घेऊन या टीवर आले. सहा फटके लागले असते तरी ते विजेते ठरले असते. त्यांचा दुसरा फटका प्रेक्षकांच्या सज्जाला लागून उंच गवतात उलटला, तिसरा ओढ्यात गेला आणि पाचवा बंकरमध्ये. सात फटक्यांवर होल संपला, तिघांमध्ये बरोबरी झाली आणि निर्णायक फेरीत पॉल लॉरी विजयी झाले. २००७ मध्ये पॅड्रेग हॅरिंग्टन यांचा चेंडू याच होलवर दोनदा ओढ्यात गेला, तरी निर्णायक फेरीत त्यांनी विजेतेपद मिळवले. ओढा अरुंद आहे आणि मोकळ्या मनाने खेळणाऱ्याला तो अडवत नाही. मात्र तो स्पर्धेच्या शेवटच्या होलवर असल्याने त्याची रुंदी मनात वाढत जाते. होल क्रमात कुठे येतो, हाही आखणीचाच भाग असतो.

मंगळवार : डॉर्नॉक

इन्व्हर्नेसच्या उत्तरेला, डॉर्नॉक फर्थवरचा १९९१ चा पूल ओलांडला की डॉर्नॉक लागते. या गावात गोल्फ खेळला जात असल्याची नोंद १६१६ ची आहे. रॉयल डॉर्नॉकच्या चौदाव्या ‘फॉक्सी’ होलची लांबी ४४५ यार्ड, पार चार, आणि त्यावर एकही बंकर नाही. आधी डावीकडे आणि मग उजवीकडे अशी वळणदार वाट, आणि शेवटी पुरुषभर उंचवट्यावर आडवे पसरलेले ग्रीन, एवढेच त्याचे भांडवल. उंचवट्याला जरा कमी पडलेला चेंडू उतारावरून परत खाली येतो. मग तो उंच उडवावा, उतारावरून घरंगळत चढवावा की पटरनेच ढकलावा, याचा विचार करावा लागतो. तिन्ही वाटा खुल्या आहेत आणि तिन्ही अवघड आहेत.

१८७२ मध्ये याच गावात जन्मलेले डोनाल्ड रॉस सेंट अँड्र्यूजला ओल्ड टॉम मॉरिस यांच्या हाताखाली शिकले, गावी परतून मैदानाची निगा राखू लागले आणि १८९९ मध्ये अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी शेकडो मैदाने आखली. त्यांतले सर्वांत नावाजलेले पाइनहर्स्ट क्रमांक दोन, १९०७ चे. त्याची कडांकडे उतरत जाणारी उंच ग्रीन पाहिली की त्यांची मुळे डॉर्नॉकच्या उंचवट्यांत आहेत हे स्पष्ट दिसते.

या सहा मैदानांवरची साधने एकमेकांपासून फार वेगळी आहेत. आल्प्सवर टेकडी, पोस्टेज स्टॅम्पवर वारा, रेडॅनवर उतार, रोड होलवर रस्ता, कार्नूस्टीला ओढा आणि फॉक्सीवर केवळ जमिनीचा उंचवटा. यांतली बहुतेक साधने खेळाआधीपासून तिथे होती. आखणी करणाऱ्याचे कसब त्यांच्याभोवती प्रश्न उभा करण्यात आहे. लांबी वाढवून होल कठीण करता येतो, पण तो लक्षात राहतो तेव्हा, जेव्हा खेळाडूपुढे एकाहून अधिक वाटा असतात, प्रत्येक वाटेची किंमत आधी दिसते आणि निवड त्याची त्यालाच करावी लागते.

(क्रमशः)